खुन्याने पाठवलेली टेप वाहिनीने दाखवावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एखाद्याने अनेकांचे जीव घेतले आणि त्याआधी स्वतःचं चित्रीकरण करून ते वाहिनीकडे पाठवलं, तर वाहिनीने ते दाखवावं का? विचारणाऱ्यांनी त्याला दोन गोष्टी जोडल्या आहेत. लोकांना ते बघायचं असतं, मग ते अडवण्याचा अधिकार संपादकाला कुणी दिला? आणि वाहिनीने नाही दाखवलं तरी नेटवर मिळणारच, मग फरक काय पडतो?

मी वृत्तवाहिनीच्या आउटपुट डेस्कवर, म्हणजे पडद्यावर काय जायचं हे जिथे ठरतं तिथे, बरीच वर्षं काम करतो आहे. माझं उत्तर आधीच सांगतो. टेपमध्ये बातमी असेल तर ती काढून घ्यावी आणि लोकांना सांगावी. टेप दाखवू नये. अपवाद आहेत, पण लोकांना वाटतात त्यापेक्षा फार कमी. आणखी एक गोष्ट: खाली बऱ्याच प्रकरणांचा उल्लेख येईल, पण एकाही खुन्याचं नाव मी घेणार नाही. त्यामुळे समजायला कुठे अडतं का, हे वाचता वाचता तपासून बघा.

या विषयावर बोलायचं तर १६ एप्रिल २००७ पासूनच सुरुवात करावी लागते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात त्या दिवशी एका विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून मारलं आणि स्वतःलाही संपवलं. सकाळी सव्वासातच्या सुमारास त्याने वसतिगृहात दोघांना मारलं आणि साधारण पावणेदहाला वर्गांच्या इमारतीत शिरून उरलेल्या ३० जणांना. मधल्या वेळात तो पोस्टात गेला होता. न्यूयॉर्कच्या एनबीसी न्यूजला त्याने पाठवलेल्या पाकिटावर सकाळी ९ वाजून १ मिनिटाचा शिक्का आहे. दोन खून झालेले आहेत, तीस व्हायचे आहेत, आणि हा माणूस पोस्टाच्या खिडकीशी उभा राहून वाहिनीच्या नावाचं पाकीट देतो आहे. वाहिनी ही या गुन्ह्याची नंतरची साक्षीदार नव्हती. गुन्ह्याच्या आखणीतच तिला एक काम नेमून दिलेलं होतं.

पत्ता आणि पिनकोड चुकल्यामुळे पाकीट १८ एप्रिलला पोचलं. आत २७ व्हिडिओ फाइल, ४३ फोटो आणि जवळपास १८०० शब्दांचं लेखन. एनबीसीने मूळ पाकीट एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेकडे दिलं, प्रती स्वतःकडे ठेवल्या आणि त्याच संध्याकाळी मुख्य बातमीपत्रात निवडक भाग दाखवला, वर आपला लोगो लावून. रात्रीपर्यंत जगभरच्या वाहिन्यांवर तीच चित्रं होती. त्यातल्या काहींत तो कॅमेऱ्यावर पिस्तूल रोखून उभा आहे. समोर कॅमेरा म्हणजे समोर प्रेक्षक. मेलेल्यांच्या आईवडिलांनी घरी टीव्ही लावला तर त्यांच्या लेकरांनी शेवटचं जे पाहिलं असेल, तेच त्यांच्याही समोर येत होतं.

दुसऱ्या दिवशी काही मृतांच्या कुटुंबीयांनी एनबीसीच्या सकाळच्या कार्यक्रमात येण्याचं कबूल केलेलं रद्द केलं. तपासाची धुरा सांभाळणाऱ्या व्हर्जिनिया राज्य पोलिसांच्या प्रमुखांनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. मग एनबीसीने सांगितलं की यापुढे ही चित्रं प्रसारणवेळेच्या दहा टक्क्यांहून जास्त दिसणार नाहीत. हिशोब करा: तासाला सहा मिनिटं. त्याच सुमारास सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने मात्र ती टेप मुळीच दाखवायची नाही असं ठरवलं आणि तिथल्या मुख्य संपादकांनी त्याची कारणं उघडपणे मांडली. बातमी त्यांनीही दिली, तपशिलांसह दिली. कॅनडातला प्रेक्षक कुठल्याही माहितीला मुकला नाही.

याच्या उलट उदाहरण २०१२ चं. फ्रान्समध्ये तुलूझ आणि मोंतोबाँ इथे सात जणांचे खून झाले, त्यात एका ज्यू शाळेतली तीन लहान मुलं होती. खुन्याने छातीला कॅमेरा बांधून खून चित्रित केले होते. ती फिल्म यूएसबी ड्राइव्हवर अल जझीराच्या पॅरिस कार्यालयात पोचली तेव्हा खुनी पोलिसांच्या गोळीने मेलेला होता. अल जझीराने ड्राइव्ह पोलिसांकडे सोपवली, स्वतःकडच्या प्रतीवर विचार केला आणि प्रसारण नाकारलं. कारण सरळ दिलं: लोकांना आधीच ठाऊक नसलेली कुठलीही माहिती यात नाही. कुटुंबीयांनी आणि फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनीही तशी विनंती केली होती, पण मला महत्त्वाचं वाटतं ते वाहिनीने दिलेलं कारण. टेप भयंकर आहे का, हा प्रश्न त्यांनी मध्यभागी ठेवला नाही. ती काय सांगते, हे विचारलं.

आता कुतूहलाकडे येतो, कारण प्रश्नातला खरा आग्रह तिथे आहे. लोक असं काही बघायला धावतात म्हणजे ते विकृत आहेत, असं मी कधीही म्हणणार नाही. आपल्यासारखाच दिसणारा, वर्गात शेजारच्या बाकावर बसणारा माणूस असं करू शकतो हे कळलं की मनाला पहिला प्रश्न पडतो: का? आणि लगेच दुसरा: माझ्या आसपास असा कुणी असेल तर मला ओळखता येईल का? हे भीतीतून आलेलं, जीव वाचवण्यासाठी धडपडणारं कुतूहल आहे. अशा वेळी प्रेक्षकाला दटावणारा संपादक मला आवडत नाही. अडचण एवढीच आहे की या दोन्ही प्रश्नांची उत्तरं टेपमध्ये नसतात.

खुनी कॅमेऱ्यासमोर बसतो तेव्हा त्याने कपडे निवडलेले असतात, मागची भिंत निवडलेली असते, शब्द घोटलेले असतात. पटलं नाही तर तो पुन्हा चित्रीकरण करतो. स्वतःवर झालेल्या अन्यायाची एक कहाणी त्याने रचलेली असते आणि तिच्यात तो एक तर सूड घेणारा असतो किंवा हुतात्मा. एनबीसीने त्या वेळी केलेला बचाव साधारण असा होता की खुन्याच्या मनाच्या इतक्या जवळ आपण पुन्हा कधी जाणार नाही. मला हे अजिबात पटत नाही. त्या टेपमधून दिसतं ते त्याने आपल्याला दाखवायचं ठरवलेलं. एखाद्या राजकारण्याने स्वतःच्या खर्चाने स्वतःवर बनवलेली फिल्म आपण त्याच्या मनाचा आरसा म्हणून चालवू का? मग ही सवलत खुन्याला कशी मिळते?

‘का’ आणि ‘कसं’ याची उत्तरं व्हर्जिनिया टेकच्या बाबतीत खरोखर मिळाली, पण ती चार महिन्यांनी. ऑगस्ट २००७ मध्ये राज्यपालांनी नेमलेल्या समितीचा अहवाल आला. त्यात होतं की इंग्रजीच्या प्राध्यापकांनी या विद्यार्थ्याबद्दल २००५ मध्येच धोक्याच्या सूचना दिल्या होत्या, एका वर्गातून त्याला बाहेर काढून स्वतंत्र शिकवावं लागलं होतं. डिसेंबर २००५ मध्ये न्यायिक अधिकाऱ्याने तो स्वतःला धोका करू शकतो असं नोंदवून बाह्यरुग्ण म्हणून उपचार घ्यायचा आदेश दिला होता. तो उपचार नीट झालाच नाही, कुणी पाठपुरावा केला नाही. आणि तो आदेश बंदूक विकण्यापूर्वी तपासल्या जाणाऱ्या केंद्रीय नोंदींत पोचला नव्हता, म्हणून त्याला दोन पिस्तुलं दुकानातून रीतसर मिळाली. या एका त्रुटीवरून अमेरिकेत कायदा दुरुस्त झाला, जानेवारी २००८ मध्ये त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. ज्याला भीती वाटते आहे, ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याच्या कामाची माहिती ही. त्या अहवालाला टेपच्या मानाने किती वेळ मिळाला असेल, ते सांगायची गरज नाही.

‘ओळखता येईल का’ याचंही तसंच. अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खातं यांनी मिळून शाळांमधल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला होता, २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की ८१ टक्के प्रकरणांत हल्लेखोर काही करणार आहे याची कल्पना निदान एका माणसाला आधीपासून होती, बहुतेक वेळा मित्राला, वर्गातल्या कुणाला तरी. एखाद्या मुलाने असं काही बोललेलं ऐकलं तर कुणाला सांगायचं, हे पाच मिनिटं पडद्यावर नीट समजावलं तर ते कुतूहलाचं खरं समाधान होईल. टेपमधला डोळे वटारणारा चेहरा बघून पालकाला, शिक्षकाला नेमकं काय करायचं ते कळत नाही. हाती लागते ती फक्त दहशत.

बाहेरच्यांना सहसा लक्षात येत नाही असा एक भाग इथे सांगतो. ‘दाखवलं’ या क्रियेचा वाहिनीतला अर्थ वेगळा असतो. वर्तमानपत्रात फोटो एकदा छापला जातो. वाहिनीवर वीस सेकंदांची क्लिप आली की ती लूपवर टाकली जाते. चार जणांचं पॅनल बसतं, पडदा विभागला जातो, पाहुणे बोलत असतात आणि बाजूच्या चौकटीत क्लिप फिरत राहते, कारण नुसते बोलणारे चेहरे दाखवले तर प्रेक्षक पुढच्या वाहिनीवर जाईल ही भीती असते. अर्ध्या तासाच्या चर्चेत वीस सेकंदांची क्लिप न थांबता फिरली तर ती नव्वद वेळा दिसते. पाहुणा त्या क्षणी मृतांबद्दल बोलत असतो आणि चौकटीत खुनी असतो. पुढच्या बुलेटिनच्या प्रोमोत पुन्हा तोच, यूट्यूबच्या थंबनेलवर तोच, वर्षश्राद्धाच्या दिवशी आर्काइव्हमधून काढलेल्या पॅकेजमध्येही तोच. संपादकीय बैठकीत कुणीही ‘नव्वद वेळा दाखवू’ असं म्हणालेलं नसतं. ‘एकदा दाखवायला हरकत नाही’ एवढंच ठरलेलं असतं. पुढचं सगळं यंत्रणा आपोआप करते. म्हणून ‘इशारा देऊन, संयमाने दाखवू’ हा मधला मार्ग माझ्या अनुभवात टिकत नाही. रात्रपाळीच्या डेस्ककडे संयमाची सूचना पोचतच नाही. सर्व्हरवरची क्लिप तेवढी पोचते.

शिवाय ज्याने बघायचं ठरवलं त्याच्याइतकेच, किंबहुना जास्त, न ठरवता बघणारे असतात. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, विमानतळावर, घरात मुलं जेवत असताना टीव्ही चालू असतो. बघण्याच्या हक्काबद्दल बोलताना न बघण्याच्या हक्काचं काय? नॉर्वेतल्या दागब्लादे या वर्तमानपत्राने २०१२ मध्ये, ७७ जणांना मारणाऱ्याचा खटला चालू असताना, आपल्या संकेतस्थळावर एक बटण दिलं होतं. ते दाबलं की खटल्याची एकही बातमी दिसायची नाही. त्याच खटल्यात न्यायालयाने कामकाजाचा काही भाग टीव्हीवर दाखवायला परवानगी दिली, पण आरोपीची साक्ष मात्र वगळली. पत्रकार आत बसून ती ऐकत होते आणि लिहीत होते. माहिती पूर्ण बाहेर आली. त्याला हवं असलेलं व्यासपीठ त्याला मिळालं नाही. मला हा आजवरचा सर्वात समंजस तोडगा वाटतो.

आता अपवाद. खुनी मोकाट असेल आणि त्याचा आवाज किंवा लेखन ओळखणारं कुणीतरी समाजात असेल, तर प्रसिद्धीने जीव वाचू शकतात. १९ सप्टेंबर १९९५ रोजी वॉशिंग्टन पोस्टने पोस्टाने बॉम्ब पाठवणाऱ्या एकाचा ३५,००० शब्दांचा जाहीरनामा छापला. खर्च न्यूयॉर्क टाइम्सने वाटून घेतला होता. सतरा वर्षांत त्याने तिघांना मारलं होतं, २३ जणांना जखमी केलं होतं. छापा, नाहीतर आणखी मारीन, अशी त्याची धमकी होती. अमेरिकेच्या ॲटर्नी जनरल आणि एफबीआयच्या संचालकांनी छापण्याची शिफारस केली. त्याच्या भावाने आणि भावजयीने त्या लिखाणातली विचारांची आणि शब्दांची धाटणी ओळखली आणि एप्रिल १९९६ मध्ये तो मोंटानातल्या झोपडीत सापडला. त्या निर्णयावर तेव्हा कडाडून टीका झाली होती, आणि ती अगदीच चुकीची नव्हती: धमकी दिली की छापून येतं हा पायंडा वाईटच. तरीही मी त्या खुर्चीत असतो तर छापलं असतं. मजकूर होता, चेहरा नव्हता. ओळख पटवणं हा हेतू होता. आणि धोका चालू होता.

पण हाच हेतू ठेवूनही घात होऊ शकतो. १९७९ च्या जून महिन्यात इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये बायकांचे खून करणाऱ्याच्या शोधात असलेल्या पोलिसांनी पत्रकार परिषदेत एक ध्वनिफीत वाजवली. स्वतःला खुनी म्हणवणारा माणूस तपास अधिकाऱ्याची खिल्ली उडवत होता. ती फीत रेडिओ-टीव्हीवर वाजली, लोकांना फोन फिरवून ऐकता येईल अशी सोय झाली. सगळा तपास त्या बोलण्याच्या ढबीमागे, इंग्लंडच्या ईशान्येकडच्या सुंदरलँड भागाकडे वळला. फीत बनावट होती. खऱ्या खुन्याला पोलिसांनी अनेकदा विचारपूस करून सोडलं, त्यात त्याची ढब जुळत नाही हेही एक कारण होतं. फीत आल्यानंतर त्याने आणखी तीन स्त्रियांना मारलं. १९८१ मध्ये तो पकडला गेला. फीत बनवणाऱ्याला पुढे पाकिटाच्या गोंदावरच्या डीएनएवरून शोधून २००६ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे पोलिसांनी ‘वाजवा’ म्हटलं तरी वाहिनीचं स्वतःचं काम संपत नाही. ही फीत खरी आहे हे कशावरून ठरवलं, हा प्रश्न त्या पत्रकार परिषदेत जोरात विचारला जायला हवा होता.

कधी कधी टेपचा सगळा उपयोग ती न दाखवता होतो. कॅन्ससमधल्या विचिटा शहरात दहा खून करून वर्षानुवर्षं पत्रं पाठवणाऱ्याने २००५ मध्ये एका टीव्ही केंद्राला फ्लॉपी पाठवली. केंद्राने ती पोलिसांना दिली. फ्लॉपीतल्या एका फाइलच्या लपलेल्या नोंदींत एका चर्चचं आणि वापरणाऱ्याचं पहिलं नाव सापडलं, आणि काही दिवसांत तो अटकेत होता. त्याने लिहिलेल्या मजकुरात प्रेक्षकाला दाखवण्यासारखं काही नव्हतं. तपासाला हवं ते फाइलच्या कडेला होतं.

थेट प्रक्षेपण हा तर वेगळाच धोका. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात नरिमन हाउस या ज्यू केंद्रात शिरलेल्या एका दहशतवाद्याचा फोन एका हिंदी वाहिनीने थेट प्रसारित केला, ओलीस आत असताना. २०१५ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये फ्रेंच वाहिनी बीएफएम टीव्हीचं दोन हल्लेखोरांशी फोनवर बोलणं झालं, पण ते ध्वनिमुद्रित ठेवलं गेलं आणि पोलिसांची कारवाई संपल्यावरच प्रसारित झालं. तेही दाखवायला हवं होतं का यावर मतभेद असू शकतात. ओलीस जिवंत असताना हल्लेखोराला माईक द्यायचा नाही, यावर असू शकत नाहीत. मुंबईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावर अतिशय कडक ताशेरे ओढले. बाहेर बसलेले सूत्रधार टीव्ही बघून आतल्यांना सूचना देत होते, हे फोनच्या नोंदींतून स्पष्ट झालं होतं. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद झालं. हे नियम बाहेरून लादले गेले, कारण आम्ही ते आतून वेळेत केले नाहीत.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. ‘दाखवू नका’ असं सरकार म्हणतं तेव्हा आणि संपादक ठरवतो तेव्हा, या दोन गोष्टी मी एक मानत नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांनी पाच मोठ्या नेटवर्कच्या प्रमुखांना फोन करून अल कायदाच्या म्होरक्याच्या टेप जशाच्या तशा दाखवू नका अशी विनंती केली, आणि त्यांनी ती मानली. पण तो माणूस एका युद्धातला पक्ष होता. तो काय म्हणतो, जबाबदारी घेतो का, पुढची धमकी कुणाला देतो, हे नागरिकांना कळणं आवश्यक होतं, कारण त्यांच्या नावाने युद्ध लढलं जात होतं. अशा टेपमधला मजकूर दडवला तर सरकार सांगेल तेच खरं मानावं लागतं. म्हणून मी बंदीचा नियम मागत नाही. मजकूर सांगा, तपासा, त्याचं खंडन करा. संगीत, झेंडा, रोखलेली बंदूक, कॅमेऱ्याकडची नजर, हे सोडून द्या.

अनुकरणाचा मुद्दा अनेक जण फेटाळतात, म्हणून त्यावर थोडं. व्हर्जिनिया टेकच्या खुन्याने त्या पाकिटात १९९९ मध्ये अमेरिकेतल्याच कोलंबाइन शाळेत हत्याकांड करणाऱ्या दोघा हल्लेखोरांचा हुतात्मे म्हणून उल्लेख केला आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात सुपरमार्केटमध्ये दहा जणांना मारणाऱ्याने आपला जाहीरनामा आणि हल्ला थेट दाखवण्याची कल्पना, दोन्ही २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये मशिदींवर हल्ला करणाऱ्या खुन्याकडून उचललं होतं (त्या हल्ल्याबद्दल शेवटी येतंच). सांख्यिकीचा आधार हवा असेल तर प्लॉस वन या नियतकालिकात २०१५ मध्ये आलेला एक अभ्यास आहे: सामूहिक हत्याकांडानंतर सरासरी १३ दिवस तशाच दुसऱ्या घटनेची शक्यता वाढलेली दिसते. माध्यमांमुळेच असं होतं हे त्यातून सिद्ध होत नाही. पण खुनी स्वतःच लिहून ठेवतात की आम्ही कुणाला बघून हे केलं, तेव्हा डेस्कवर बसलेल्या माणसाने त्याहून मोठा पुरावा मागू नये, असं माझं मत आहे.

कोलंबाइनच्या हल्लेखोरांनी तळघरात चित्रित केलेल्या टेप पोलिसांनी कधीच सार्वजनिक केल्या नाहीत आणि २०११ मध्ये नष्ट केल्या. न दाखवण्याशी मी सहमत आहे, नष्ट करण्याशी नाही. संशोधकांना, मानसतज्ज्ञांना, कुटुंबीयांपैकी ज्यांना हवं त्यांना बंद खोलीत बघता यायला हवं होतं. टेप जपणं आणि ती प्रसारित करणं यांत फार अंतर आहे.

मग अशी वस्तू कार्यालयात आली तर काय करायचं? प्रश्न विचारणाऱ्यांत काही पत्रकारितेचे विद्यार्थी असावेत, त्यांच्यासाठी लिहितो. पाकीट हाताळणाऱ्यांची संख्या तिथेच थांबवा, मूळ वस्तू पोलिसांकडे द्या, बोटांचे ठसे आणि डीएनए हे तुमच्या एक्सक्लुझिव्हपेक्षा मोलाचे आहेत. प्रत दोन-तीन अनुभवी माणसांनीच बघावी. सगळ्या न्यूजरूमने मागे गर्दी करून नव्हे, आणि नवख्या एडिटरला लॉगिंगला, म्हणजे टेपमध्ये कुठे काय आहे याची नोंद करायला, बसवून तर मुळीच नव्हे. खरी आहे का हे आधी ठरवा. मग एका कागदावर टेपमधली फक्त तथ्यं लिहा: कधी चित्रित केली, कुठे, आधीपासून आखणी असल्याचं दिसतं का, साथीदाराचा उल्लेख आहे का, पुढचा धोका आहे का, यंत्रणेची चूक दिसते का. हा कागद अँकरने वाचला तर बातमी पूर्ण होते का? माझ्या पाहण्यात ती जवळजवळ नेहमीच होते. कागदावर न मावणारं जे उरतं ते बहुधा थरार असतो. काहीही प्रसारित करण्याआधी कुटुंबीयांना फोन गेला पाहिजे, आणि तो परवानगीचं नाटक म्हणून नको. त्यांना टीव्ही बंद करायला किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तयार करायला वेळ मिळावा म्हणून हवा. चेहरा दाखवणं भागच असेल तर ओळखपत्रावरचा साधा फोटो, एकदा, लहान. हातात शस्त्र घेऊन त्याने स्वतः काढून घेतलेला नको. आणि सर्व्हरवर त्या क्लिपला कुलूप लावा, म्हणजे रात्री तीन वाजता कुणी ती उचलून प्रोमोत टाकणार नाही.

शेवटचा प्रश्न नेटचा. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींत ५१ जणांना मारणाऱ्याने हल्ला फेसबुकवर थेट दाखवला. फेसबुकच्या माहितीनुसार प्रक्षेपण चालू असताना ते दोनशेपेक्षा कमी वेळा पाहिलं गेलं, काढून टाकेपर्यंत एकूण सुमारे चार हजार वेळा. मग पहिल्या चोवीस तासांत कंपनीला त्याच्या १५ लाख प्रती काढाव्या किंवा अडवाव्या लागल्या. हे आकडे नीट बघा. खुन्याचे मूळ प्रेक्षक मूठभर होते. बाकीचा पसारा ते उचलून पुढे ढकलणाऱ्यांनी केला, आणि काही देशांतल्या मोठ्या माध्यमांनी त्याचे तुकडे दाखवून त्यात भर घातली. कोपऱ्यात पडलेली गोष्ट शोधून बघणारा एक माणूस आणि ती रात्री नऊच्या बातम्यांत लाखो घरांत जाणं, यांत फरक नाही असं कसं म्हणता येईल? वाहिनीने दाखवलं की ती गोष्ट शोधण्याजोगी आहे अशी पावतीही मिळते.

न्यूझीलंडमधल्या पाच मोठ्या माध्यमसंस्थांनी त्या खटल्यापूर्वी एकत्र बसून ठरवलं की आरोपीच्या वर्णद्वेषी विचारांना जागा द्यायची नाही, पण खटल्याचं वार्तांकन पूर्ण करायचं. त्याने पुढे गुन्हा कबूल केला. ऑगस्ट २०२० मध्ये शिक्षेच्या सुनावणीत चार दिवस नव्वदच्या आसपास जखमींनी आणि नातेवाइकांनी त्याच्या समोर उभं राहून आपलं म्हणणं मांडलं, आणि मथळे त्यांचे झाले. स्पर्धा होती, पाचही जण एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते, तरी हे जमलं. ‘आपण नाही दाखवलं तर दुसरा दाखवेल’ हे आमच्या धंद्यातलं सर्वात वापरून झिजलेलं कारण आहे. त्यावर उपाय दुसऱ्याशी आधीच बोलून ठेवणं हा आहे, आणि घटना घडल्यानंतरच्या तासात ते बोलणं होत नाही, शांततेच्या काळात करावं लागतं.

प्रेक्षक म्हणून तुमच्या हातात काय आहे, असं कुणी विचारलं तर एक ठोस गोष्ट सांगतो. एनबीसीने दहा टक्क्यांची मर्यादा जाहीर केली ती पहिल्या प्रसारणाच्या दुसऱ्या दिवशी, कुटुंबीयांनी पाठ फिरवल्यावर आणि प्रेक्षकांचा राग पोचल्यावर. वाहिनीला तुमचं कुतूहल टीआरपीच्या आकड्यातून कळतं. तुमची चीड कळण्याचा तसा आपोआप मार्ग नाही. म्हणून लिहा, आणि मोघम लिहू नका. कोणता कार्यक्रम, किती वाजता, क्लिप किती वेळा फिरली, त्या वेळी पाहुणा काय बोलत होता, घरात कोण होतं. ‘तुम्ही असंवेदनशील आहात’ अशा पत्राला ठरीव उत्तर जातं. ‘९ वाजून १२ मिनिटं ते ९ वाजून ४०, चौकट एकदाही रिकामी नव्हती’ असं पत्र दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मोठ्याने वाचलं जातं आणि रनडाउन, म्हणजे त्या बुलेटिनमध्ये काय कधी गेलं याची यादी, तपासायला सांगितलं जातं.